वाळवंटात हद्द कशाची? उकैरच्या कराराची गोष्ट

१९६०च्या दशकातला पश्चिम आशियाचा नकाशा पाहिला तर इराक, कुवेत आणि सौदी अरेबिया जिथे भेटतात तिथे एक तिरपा चौकोन दिसतो. कुवेतच्या दक्षिणेला, समुद्राला लागून, तसाच आणखी एक वेगळा काढलेला तुकडा असतो. दोन्हींना नाव एकच: तटस्थ प्रदेश. म्हणजे ही जमीन कोणा एका देशाची नव्हे, शेजारच्या दोघांची सामाईक. हे दोन्ही तुकडे एकाच बैठकीत ठरले. ती बैठक झाली पूर्व अरबस्तानातल्या अल-हसा प्रांताच्या किनाऱ्यावरच्या उकैर या छोट्याशा बंदराजवळ, तंबूंच्या छावणीत, १९२२च्या नोव्हेंबरअखेरीस. करारावर तारीख आहे २ डिसेंबर १९२२.

या बैठकीची गोष्ट बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: एका इंग्रज अधिकाऱ्याने लाल पेन्सिल घेतली, नकाशावर रेघ ओढली आणि अरबांचे देश तयार झाले. पेन्सिलीची हकीकत खरी मानायला जागा आहे. पण तेवढंच सांगितलं तर ती रेघ ओढायची वेळ का आली आणि ती ओढल्यावर भांडण का मिटलं नाही, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. उत्तरासाठी आधी वाळवंटात राज्य कशाला म्हणत, ते पाहायला हवं.

राज्य माणसांवर, जमिनीवर नव्हे

मध्य अरबस्तानातल्या बेदुइन टोळ्या उंट आणि मेंढरं घेऊन फिरत. हिवाळ्यात पाऊस पडला की चारा उगवेल तिकडे लांबवर पांगायचं आणि उन्हाळ्यात ठरलेल्या विहिरींवर येऊन मुक्काम करायचा, असं त्यांचं वर्ष. प्रत्येक टोळीचा फिरण्याचा टापू ठरलेला असे, विहिरींवरचे हक्क ठरलेले असत. शम्मर टोळी आज हाईलजवळ दिसली तर काही महिन्यांनी फुरात (युफ्रेटिस) नदीच्या आसपास दिसे. मुतैर टोळीचे लोक नज्दमध्ये, म्हणजे मध्य अरबस्तानात, कळप चारत आणि तांदूळ, कापड, खजूर घ्यायला कुवेतच्या बाजारात येत. आपल्याकडे देशावरचा धनगर दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. वाटेतल्या कुठल्या शिवारात कळप बसवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, पण त्या वाटेचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. टोळ्यांचा त्यांच्या टापूवरचा हक्क बराचसा असा होता. फरक एवढाच की त्यामागे तलवार आणि बंदूक उभी असे.

अशा मुलखात राजाचा अंमल ओळखायची खूण म्हणजे जकात, इस्लाममधला धार्मिक कर. टोळी ज्याला जकात देते, तो तिचा धनी. बदल्यात धन्याने संरक्षण द्यायचं, बक्षिसं द्यायची, लुटीच्या चढाया आवरायच्या किंवा त्यांना परवानगी द्यायची. धनी कमजोर पडला की टोळी दुसऱ्याकडे जाई आणि तिच्याबरोबर त्याच्या राज्याची हद्दही सरकत असे. तेव्हा ‘तुमची हद्द कुठवर?’ या प्रश्नाला नज्दच्या सुलतानाचं प्रामाणिक उत्तर ‘माझ्या टोळ्या जिथवर चारतात तिथवर’ असंच असणार. आणि शेजारच्या राजाच्या टोळ्याही त्याच विहिरीवर येत असतील तर दोन्ही राज्यं एकाच जागी असणार. त्यांना यात काही विपरीत वाटत नव्हतं. लंडन, दिल्ली आणि बगदादमध्ये बसून कारभार करणाऱ्यांना मात्र असं राज्य कागदावर दाखवता येत नव्हतं.

एक साम्राज्य, दोन कचेऱ्या

ब्रिटिश धोरण म्हणून आपण ज्याला ओळखतो ते मुळात एक धोरण नव्हतंच. आखाताचा कारभार हिंदुस्थानातून चाले. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहर इथला रेसिडेंट, म्हणजे आखातातला मुख्य ब्रिटिश अधिकारी, १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, पुढे थेट हिंदुस्थान सरकारच्या. कुवेत, बहारीन, मस्कत इथे रुपया चालायचा, मोती मुंबईच्या बाजारात यायचे, आणि १९२३पासून कुवेतच्या टपालावर ‘कुवेत’ असं नाव छापलेली हिंदुस्थानी तिकिटं लागत. नज्दचा इब्न सौद म्हणजे अब्दुल अझीझ (पुढे याच्याच राज्याचा सौदी अरेबिया झाला) हा या हिंदुस्थानी खात्याचा माणूस. त्याने १९०२ साली कुवेतमधल्या वनवासातून निघून रियाध परत मिळवलं, १९१३ साली तुर्कांकडून अल-हसा घेतलं आणि समुद्राला येऊन भिडला. २६ डिसेंबर १९१५ रोजी दारीन इथे ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी त्याच्याशी तह केला: ब्रिटिश त्याला नज्द आणि अल-हसाचा शासक मानणार, त्याने कुवेत, बहारीन, कतार यांच्या वाटेला जायचं नाही. पुढे त्याला दरमहा ५,००० पौंड मिळू लागले.

त्याच काळात कैरोतले ब्रिटिश अधिकारी मक्केच्या शरीफ हुसेनशी बोलणी करत होते. त्याने जून १९१६मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव केला आणि त्याच्याकडे सोन्याचा ओघ सुरू झाला. ऐन भरात ही रक्कम दरमहा दोन लाख पौंडांच्या घरात होती. इब्न सौदच्या चाळीस पट! दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना हे पसंत नव्हतं. हिंदुस्थानातले मुसलमान तुर्की खलिफाला मानत, आणि त्या खलिफाविरुद्ध मक्केच्या अमीराला फूस दिल्याचे पडसाद इथे उमटतील ही त्यांची भीती होती. खिलाफत चळवळीने ती खरीही ठरवली.

हे दोन मित्र एकमेकांचे वैरी होते. हिजाझ (हुसेनचा मक्का-मदिनेचा मुलूख) आणि नज्दच्या सीमेवर खुर्मा नावाचं ओअसिस आहे. तिथला अमीर खालिद इब्न लुवै १९१८ साली हुसेनची साथ सोडून इब्न सौदकडे गेला. आता खुर्मा कोणाचं? हुसेन म्हणे माझं, कारण तिथला अमीर माझ्या घराण्यातला आणि माझा नेमलेला. इब्न सौद म्हणे माझं, कारण तिथले लोक माझ्या पंथाचे आणि माझ्या मागे येणारे. दोघांचाही दावा वाळवंटाच्या रीतीप्रमाणे बरोबर होता. लंडनने हुसेनच्या बाजूने कौल दिला. तोच जिंकेल अशी तिथे समजूत होती. मे १९१९मध्ये हुसेनचा मुलगा अब्दुल्ला तोफा घेऊन जवळच्या तुरबा गावात उतरला. इख्वान म्हणजे इब्न सौदचे कट्टर धर्मनिष्ठ बेदुइन लढवय्ये रात्री त्याच्या छावणीवर तुटून पडले. फौज जवळजवळ सगळी कापली गेली आणि अब्दुल्ला कसाबसा निसटला. दोन्ही बाजूंच्या खजिन्यात त्या वेळी ब्रिटिश पैसा होता. एका साम्राज्याच्या दोन कचेऱ्यांनी एकमेकांशी न बोलता दोन राजांना पोसलं, त्याची किंमत तुरब्याच्या वाळवंटात मेलेल्या माणसांनी दिली. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत दोषी गोष्ट हीच वाटते, पेन्सिलीची रेघ नव्हे.

यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. ऑक्टोबर १९२०मध्ये फैसल अल-दुवैशच्या हाताखालच्या इख्वानांनी कुवेतजवळ जहरावर हल्ला केला. कुवेतचा शेख सालिम तिथल्या लाल किल्ल्यात अडकला आणि ब्रिटिश जहाजं-विमानं आल्यावर कुवेत वाचलं. मार्च १९२१मध्ये कैरो परिषदेत चर्चिल यांनी हुसेनचा मुलगा फैसल याला इराकचं राज्य आणि अब्दुल्लाला ट्रान्सजॉर्डन द्यायचं ठरवलं. म्हणजे इब्न सौदच्या पश्चिमेला, वायव्येला आणि उत्तरेला एकाच वैरी घराण्याची तीन राज्यं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने हाईल जिंकून तिथलं रशीद घराणं संपवलं आणि त्याची माणसं थेट इराकच्या वेशीवर आली. १९२२च्या मार्चमध्ये इख्वान दक्षिण इराकमधल्या टोळ्यांवर येऊन कोसळले. आता कोण कुठवर, हे ठरवल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आधी टोळ्यांची वाटणी करून पाहिली

हा टप्पा बहुतेक सांगणारे गाळतात, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. कॉक्स आता इराकचे हाय कमिशनर होते. आखातात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. वाळवंट त्यांना कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. ५ मे १९२२ला मुहम्मरा इथे झालेल्या तहात जमिनीवर रेघ न ओढता टोळ्या वाटण्यात आल्या: मुंतफिक, झफीर आणि अनेझांपैकी अमारत इराकच्या, नज्दचे शम्मर इब्न सौदचे. विहिरी आणि जमिनी कोणाच्या ते मागाहून एका समितीने ठरवायचं. ही वाटणी तिथल्या रीतीला धरून होती. पण इब्न सौदने तो तह मान्य केला नाही. आपल्या वकिलाने अधिकाराबाहेर जाऊन सही केली, अमारत आणि झफीर आपले आहेत, असं त्याचं म्हणणं. टोळ्या वाटायच्या तर कोणती टोळी कोणाची यावर एकमत हवं, आणि भांडण तर नेमकं त्यावरच होतं. म्हणून सगळे उकैरला जमले.

उकैरची छावणी

छावणीतली माणसं पाहण्यासारखी होती. इब्न सौद यजमान. त्याच्या बाजूने बोलणी करणारा डॉक्टर अब्दुल्ला दमलूजी मूळचा मोसुलचा, म्हणजे इराकीच. इराकतर्फे मंत्री सबीह नशात आणि सोबत अमारत टोळीचा वयोवृद्ध शेख फहद अल-हझ्झाल, ज्याच्या टोळीवरूनच वाद होता. मेजर फ्रँक होम्स हा न्यूझीलंडचा माणूस अल-हसामधल्या तेलाचा परवाना मागायला आलेला. लेबनॉनचे लेखक अमीन रिहानी पाहुणे म्हणून. कॉक्स यांच्यासोबत ब्रिटिश अधिकारी हॅरोल्ड डिक्सन. आणि कुवेततर्फे? कुवेतचा शेख अहमद नव्हता, त्याचा कोणी वजीरही नव्हता. कुवेतमधला ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मोर हाच कुवेतचा प्रतिनिधी आणि करारावर सहीही त्याचीच.

पुढचा तपशील मुख्यतः डिक्सन यांच्या आठवणींतून येतो. त्यांनी तो बऱ्याच वर्षांनी लिहिला, तेव्हा त्यातलं नाट्य थोडं हात राखून घ्यावं. इराकच्या मंत्र्याने आपली हद्द पार रियाधच्या जवळ नेऊन ठेवली. इब्न सौदने टोळ्यांच्या हिशेबाने फुरातपर्यंत मागितलं. पाच दिवस घासाघीस झाली आणि काहीच हललं नाही. सहाव्या दिवशी कॉक्स यांचा धीर सुटला. त्यांनी इब्न सौदला एकट्याला बोलावून शाळकरी पोराला झापावं तसं झापलं आणि हद्द मीच ठरवणार म्हणून बजावलं. ज्याच्या नावाने अर्धा अरबस्तान कापायचा, त्याचा गळा दाटून आला आणि तो म्हणाला की तुम्ही सांगाल ते देईन. मग लाल पेन्सिल निघाली.

रेघ काढताना कॉक्स यांच्यापुढे कोरा कागद नव्हता. २९ जुलै १९१३ला ब्रिटन आणि तुर्कस्तानने एक मसुदा केला होता. त्यात कुवेत शहराभोवती दोन वर्तुळखंड होते: आतलं लाल, जिथे शेखचा पूर्ण अधिकार, बाहेरचं हिरवं, जिथल्या टोळ्या शेखला मानत आणि खंडणी देत. महायुद्ध पेटल्यामुळे तो मसुदा कधी कायम झालाच नाही, आणि ज्याच्याशी केला ते तुर्की साम्राज्यही बुडालं. उकैरला त्याच मेलेल्या मसुद्यातलं लाल वर्तुळ उचललं गेलं. वादी (कोरडं नदीपात्र) अल-औजा आणि अल-बातिन मिळतात तिथून निघायचं, रकईची विहीर नज्दकडे ठेवायची, सरळ २९ अक्षांशापर्यंत यायचं आणि तिथून लाल वर्तुळाच्या कडेने समुद्र गाठायचा: ही कुवेतची दक्षिण हद्द. त्याच्या खाली, हिरव्या वर्तुळात उरलेला तुकडा सामाईक झाला. इराकच्या बाजूला बराच मुलूख इराकला मिळाला, आणि मधला तिरपा चौकोन इराक-नज्द तटस्थ प्रदेश, सुमारे ७,००० चौरस किलोमीटरचा.

हिशेब साधा होता. इराकला जमीन हवी होती कारण तिथे ब्रिटिश हुकमत होती आणि त्यांनीच बसवलेला राजा. ती इब्न सौदकडून घेतली. त्याची भरपाई कुणी तरी करायला हवी होती, आणि जो हजर नव्हता त्याच्याकडून ती वसूल झाली. शेख ज्या प्रदेशावर हक्क सांगत होता त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग गेला. डिक्सन लिहितात की रेघ ठरल्यावर इब्न सौद अर्धं राज्य गेल्याचं दुःख सांगत रडला, कॉक्सही हेलावले आणि म्हणाले की म्हणूनच तर मी तुम्हाला कुवेतचा एवढा मुलूख दिला. कुवेतला जाऊन शेख अहमदला ही बातमी सांगताना कॉक्स यांनी कारण दिलं ते असं: आज दिलं नसतं तर इब्न सौदने उद्या तलवारीने घेतलंच असतं. त्यावर तरुण शेखने विचारलं, इब्न सौद गेल्यावर मी बलवान झालो आणि ही रेघ झुगारली तर ब्रिटिश सरकार हरकत घेईल का? कॉक्स हसून नाही म्हणाले.

विहिरींचं कलम

रेघेपेक्षा मला कराराची कलमं जास्त शिकवून जातात. इराक आणि नज्दच्या कराराचं दुसरं कलम सांगतं की पुष्कळ विहिरी इराकच्या हद्दीत गेल्या आहेत. तेव्हा सीमेजवळच्या नज्दी टोळ्यांना आपल्या बाजूच्या विहिरीपेक्षा इराकी विहीर जवळ पडत असेल तर तिथे पाणी भरू द्यायचं, इराकने आडकाठी करायची नाही. तिसरं कलम सांगतं की सीमेच्या आसपासच्या पाणवठ्यांवर किल्ले बांधायचे नाहीत, फौज जमवायची नाही. रेघ ओढणाऱ्यांना माहीत होतं की रेघ पाणी तोडते. म्हणून त्यांनी रेघही ओढली आणि टोळ्यांना ती ओलांडायची मुभाही दिली. तटस्थ प्रदेश त्याच विचारातून आले: जिथे दोघांचे कळप एकाच चाऱ्यावर येतात, तिथे कोणालाच मालक करायचं नाही. संपूर्ण करारातला हा सर्वांत शहाणा भाग होता.

बिघडलं ते ‘सीमेच्या आसपास’ या शब्दांवर. १९२७मध्ये इराकने इख्वानांच्या चढायांवर नजर ठेवायला बुसैया इथल्या विहिरींवर पोलीस ठाणं बांधायला घेतलं. इराक आणि ब्रिटनचं म्हणणं, ही जागा हद्दीपासून खूप आत आहे. इब्न सौदचं म्हणणं, वाळवंटात एवढं अंतर म्हणजे आसपासच. विहिरीवर ठाणं म्हणजे टोळीच्या गळ्यावर हात. नोव्हेंबरमध्ये मुतैरांनी हल्ला करून तिथले कामगार आणि पोलीस मारले. मग ब्रिटिश विमानांनी नज्दच्या हद्दीत शिरून टोळ्यांवर बॉम्ब टाकले. अल-दुवैशसारख्या इख्वान सरदारांना आता इब्न सौदचाच संताप आला: ज्याच्यासाठी लढलो तोच काफिरांच्या रेघेआड आम्हाला अडवतो! शेवटी मार्च १९२९मध्ये सबिला इथे इब्न सौदने स्वतःच्याच इख्वानांना मोडून काढलं. अल-दुवैश पळत कुवेतच्या हद्दीत शिरला, जानेवारी १९३०मध्ये ब्रिटिशांना शरण गेला आणि जिवाला धक्का लावायचा नाही या अटीवर इब्न सौदच्या हवाली झाला. पुढच्याच महिन्यात आखातातल्या ‘लुपिन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर इब्न सौद आणि इराकचा राजा फैसल पहिल्यांदा समोरासमोर भेटले. रेघ खऱ्या अर्थाने तेव्हा लागू झाली. ती मोडणारी माणसं त्यांच्याच राजाने संपवल्यावर.

ट्रान्सजॉर्डनच्या बाजूची हद्द नोव्हेंबर १९२५च्या हद्दा कराराने ठरली. वादी सिरहान नज्दला गेली, पण इराक आणि ट्रान्सजॉर्डन यांना जोडणारी पट्टी ब्रिटिशांनी हातची सोडली नाही, कारण कैरो-बगदाद विमानमार्ग तिच्यावरून जात होता. तोवर हुसेनचं हिजाझ जवळजवळ संपलेलंच होतं. मार्च १९२४मध्ये इब्न सौदचा तनखा बंद झाला, त्यासोबत त्याला आवरणारी दोरीही गेली, आणि त्याच वर्षी मक्का त्याच्या हाती आली.

जकातीच्या पावत्या आणि तेल

जुनी रीत कागदावरून गेली तरी दाव्यांतून गेली नाही. १९४९मध्ये सौदी अरेबियाने बुरैमी ओअसिसवर हक्क सांगितला तेव्हा आमच्या माणसांनी तिथल्या टोळ्यांकडून जकात घेतली, हा पुराव्याचा मोठा भाग होता. समोर अबूधाबी आणि ओमानच्या वतीने उभं राहिलेलं ब्रिटन. १९५२मध्ये सौदी तुकडी तिथल्या हमासा गावात येऊन बसली, जिनिव्हातलं लवादाचं काम १९५५मध्ये मोडलं आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने सौदींना हुसकावलं. फरक एवढाच पडला होता की आता विहिरीच्या खाली तेल असण्याची शक्यता होती.

तटस्थ प्रदेशांचंही तेच झालं. कुवेत आणि सौदी यांच्या सामाईक तुकड्यात १९५३मध्ये वफ्रा इथे तेल लागलं, पुढे समुद्रात खाफजी इथे. १९६५मध्ये दोघांनी जमीन वाटून घ्यायचा करार केला आणि काही वर्षांत हद्द आखून झाली, पण तेलाचं उत्पन्न निम्मं-निम्मंच ठेवलं. इराकबरोबरचा तिरपा चौकोन १९७५ आणि १९८१च्या करारांनी दुभागला गेला; तिथे वाटून घेण्याजोगं तेल नव्हतं, त्यामुळे त्याची फारशी चर्चाही झाली नाही. सामाईक तेलावरून मतभेद झाले तेव्हा खाफजीचं उत्पादन २०१४मध्ये आणि वफ्राचं २०१५मध्ये थांबलं. ते पुन्हा सुरू करण्याचा समझोता कुवेत आणि सौदी अरेबियाने डिसेंबर २०१९मध्ये केला. त्यातही जमीन वाटलेली आणि खालचं तेल निम्मं-निम्मं, ही जुनी व्यवस्था कायम राहिली.